वेटिंग नंबर एक

१

"लतामावशी, बाबांना मी मारलं."

समोरच्या फ्लॅटमधला आशिष मेहेंदळे हे वाक्य दारातच बोलला, चपला काढायच्याही आधी. विद्युलताबाईंनी हातातला कॉफीचा टंबलर टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा त्याला आत ओढून दार लावलं. वेलचेरीतल्या त्या इमारतीत लिफ्टजवळ एक बाक होता, आणि त्यावर बसणाऱ्यांचे कान भलतेच तिखट होते.

विद्युलता सरपोतदार बँकेच्या दक्षता विभागातून निवृत्त झालेल्या. पुण्याहून बदलीवर मद्रासला आल्या, मद्रासचं चेन्नई झालं तरी परत गेल्या नाहीत. लग्न केलं नाही आणि त्याबद्दल कुणाला स्पष्टीकरणही दिलं नाही. मॅनेजर, कॅशियर, कर्जदार अशी नाना तऱ्हेची माणसं समोर बसवून त्यांनी बोलती केली होती. त्यातून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. ज्यानं हात मारलेला असतो तो आधी नाही म्हणतो. आल्या आल्या कबूल करणाऱ्यानं बहुतेक वेळा काहीच केलेलं नसतं. पण ते त्याच्या गळी उतरवणं चोर पकडण्यापेक्षा अवघड जातं.

"दत्तोपंत करोनानं गेले," त्या म्हणाल्या. "वर्ष होत आलं. आज हे काय नवीन काढलंस?"

"नवीनच आहे. मलाही मंगळवारीच कळलं." आशिष खुर्चीच्या कडेवर बसला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. "बाबांची लसीची वेळ ठरलेली होती मावशी. ती रद्द झाली. आणि ती रद्द करणारा प्रोग्रॅम मी लिहिलाय."

"रविवारी वर्षश्राद्ध आहे ना त्यांचं?"

"म्हणून तर आलो. गुरुजींना तुम्ही नाही म्हणून कळवा. मी बसणार नाही. ज्यानं मारलं त्यानंच पिंड द्यायचा, हे मला जमणार नाही."

विद्युलताबाईंनी कॉफी त्याच्यापुढे सरकवली. एकुलता एक मुलगा. आई आधीच गेलेली. हा बसला नाही तर दत्तोपंतांचं वर्षश्राद्ध करणारं या जगात दुसरं कुणी नव्हतं.

"कॉफी घे," त्या म्हणाल्या, "आणि पहिल्यापासून सांग. रडायचं ते नंतर."

२

आशिष सिरुसेरीतल्या एका लहानशा कंपनीत होता. लसीकरणाच्या त्या पहिल्या उन्हाळ्यात एका धर्मादाय संस्थेनं शहरात केंद्रं उघडली होती आणि त्यांची नोंदणी एकाच जुनाट सर्व्हरवर चालायची. सकाळी नोंदणी उघडली की सगळं शहर एकदम तुटून पडायचं आणि सर्व्हर मान टाकायचा. ज्यांचं आत कुणी ओळखीचं, त्यांना मागच्या दारानं वेळ मिळायची. आशिषच्या कंपनीनं ती नोंदणी क्लाउडवर नेली. गर्दी वाढली की यंत्रं आपोआप वाढायची, ओसरली की कमी व्हायची. जागा भरल्या की उरलेल्यांना वेटिंग नंबर. कुणी रद्द केलं की ती जागा त्याच क्षणी पहिल्या नंबरला, मध्ये माणसाचा हात नाही.

"मिनिस्टर असो नाहीतर मुकादम, सगळे एकाच रांगेत," आशिष म्हणाला. त्या वाक्यापुरता त्याचा चेहरा उजळला. "बाबांनी पहिल्या दिवशी पहिली नोंदणी केली. तो नंबर मला पाठ आहे. आता कंपनी जुनं रेकॉर्ड पुसणार आहे, ते काम माझ्याकडे आलं. सहज म्हणून बाबांचा नंबर टाकून बघितला."

"काय होतं तिथं?"

"नाव, केंद्र, लसीचा दिवस हे सगळं आधीच पुसलेलं. फक्त तीन नोंदी. नोंदणी केली. जागा पक्की झाली. आणि एका संध्याकाळी, सहा बेचाळीसला, जागा रद्द. ज्यांनी येतो म्हणून कळवलं नाही त्यांच्या जागा सोडवणारा माझा प्रोग्रॅम नेमका संध्याकाळीच चालायचा. त्यानंच बाबांना वगळलं. दुसरं कोण करणार?"

"तेव्हा त्यांनी घरी काय सांगितलं?"

"केंद्रावर लस संपली म्हणून परत आलो, असं म्हणाले. तेव्हा रोज कुठं ना कुठं संपतच होती. आम्ही विश्वास ठेवला. पुढची वेळ मिळायच्या आत ताप आला." त्यानं टंबलर बाजूला सरकवला. "कुठलं केंद्र, कुठला वार, मला काही आठवत नाही. मी त्या महिन्यात माणसांत नव्हतो."

विद्युलताबाईंनी त्याला बोलू दिलं. दु:खातला माणूस विषय सोडून बोलतो तेव्हाच कामाचं बोलतो, हा त्यांचा जुना अनुभव. आशिष वडिलांबद्दल बोलत राहिला. दत्तोपंत सेंट्रल स्टेशनच्या आरक्षण कार्यालयात होते. आख्खी इमारत त्यांच्याकडून लसीची नोंदणी करून घ्यायची आणि तेही पुन्हा खिडकीवर बसल्यासारखे खूश असायचे.

"बाबांबरोबर प्रवास म्हणजे मात्र शिक्षा. आमची पक्की जागा कुणा बाळंतिणीला नाहीतर म्हाताऱ्याला देऊन टाकायचे. 'आपण स्टाफ, आपलं काय, कुठंही ॲडजस्ट होऊ.' आणि खरंच व्हायचो. कधी टीसीच्या सीटवर, कधी पेटीवर. मी त्यांच्यावर किती चिडायचो." त्यानं नाक पुसलं. "स्वतःसाठी माझ्याकडे कधी शब्द टाकला नाही. एकदा फक्त चेष्टेनं विचारलं. सुरुवातीच्या पडझडीनंतर साइट सकाळच्या गर्दीत पहिल्यांदा न कोसळता उभी राहिली, त्या संध्याकाळी मी मैसूरपाक मागवला होता. तो खाता खाता म्हणाले, 'काय रे, स्टाफ कोटा ठेवलायस की नाही?' मी म्हटलं, 'बाबा, या गाडीला स्टाफच नाही.' खूप हसले. 'शाब्बास' म्हणाले."

तो एवढं बोलला आणि त्याला रडू कोसळलं. विद्युलताबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्यांनी विचारलं, "आशिष, तुझा प्रोग्रॅम जागा सोडवायचा तेव्हा ओटीपी मागायचा?"

"छे. ओटीपी कशाला? माणसानं स्वतः रद्द केलं तरच ओटीपी जातो."

"आणि दत्तोपंतांच्या नोंदणीला मोबाइल कुणाचा होता?"

आशिषनं मान वर केली. "शर्मिष्ठाचा."

३

शर्मिष्ठा, म्हणजे आशिषची बायको, शाळेत गणित शिकवायची. विद्युलताबाई समोरच्या दारातून आत गेल्या तेव्हा ती उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसली होती आणि लाल पेनाचं टोपणही उघडलेलं नव्हतं.

"मी तुमची वाटच बघत होते मावशी," ती म्हणाली. "त्याला सांगा, त्यानं काही केलं नाही. मी केलं."

विद्युलताबाई मनात म्हणाल्या, ही दुसरी.

"ऑनलाइन वर्ग चालू होता. संध्याकाळचा जादा तास. बाबा दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, 'तुझ्या फोनवर नंबर आला असेल, तेवढा सांग.' मी मेसेज उघडला, आकडे वाचून दाखवले आणि पुन्हा वर्गाकडे वळले. वर काय लिहिलंय ते बघितलंच नाही." तिनं गठ्ठा बाजूला सारला. "त्यांनी काहीतरी उघडायला म्हणून चुकीचं बटण दाबलं असणार. मी एक ओळ वाचली असती तर म्हटलं असतं, 'बाबा, अहो हे रद्द होतंय.' रोज पोरांना सांगते, आधी प्रश्न नीट वाचा."

"हे आशिषला सांगितलंस?"

"मंगळवारपासून सांगायचं म्हणतेय. तो स्वतःला दोष देतोय आणि मी गप्प बसून ते बघतेय. मला माझीच लाज वाटते."

"कधीची गोष्ट ही? दिवस आठवतो?"

"तारीख नाही आठवत. पण दुसऱ्या दिवशी बाबा केंद्रावरून लस न घेता परत आले. आणि त्याच संध्याकाळी साइट चालली म्हणून आशिषनं मैसूरपाक मागवला. घरात इतका आनंद होता की त्या ओटीपीचं मला पुन्हा आठवलंच नाही."

विद्युलताबाई उठल्या. आशिषचा प्रोग्रॅम सुटला होता. रद्द करणारा हात माणसाचा होता, आणि तो दत्तोपंतांचा होता. पण आयुष्यभर लोकांची तिकिटं काढणारा आणि रद्द करणारा माणूस चुकून बटण दाबेल? बँकेतला जुना किडा त्यांच्या डोक्यात वळवळायला लागला.

"त्यांना कोणत्या केंद्रावर जायचं होतं?"

"तेही नाही आठवत. ट्रेननं जायचं होतं एवढंच. पण महालक्ष्मीमामींना माहीत असेल. त्यांच्याशी बाबांचा काहीतरी वाद झाला होता त्यावरून."

"कसला वाद?"

"मला तमिळ वाद नीट कळत नाहीत, आणि मामींची मराठी त्याहून कळत नाही," शर्मिष्ठा म्हणाली. "पण बाबा म्हणत होते, मामी मला लस घेऊ देत नाहीत."

४

महालक्ष्मीमामी तळमजल्यावर राहायच्या. मूळ तंजावरच्या. त्यांचे पूर्वज राजांबरोबर तिकडे गेले आणि मराठी तेव्हाची तिथंच ठेवली, वर तमिळचा साज चढला. विद्युलताबाईंना ती भाषा समजायला दोन उन्हाळे लागले होते.

मामी मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, कळ्या ओवत बसल्या होत्या. आशिषला काय सापडलं हे त्यांना लिफ्टजवळच्या बाकावर कळलेलंच होतं. विद्युलताबाईंना बघताच त्यांच्या हातातला दोरा सुटला.

"लता, ये. मीच ते पाप केलें."

तिसरी. विद्युलताबाई समोर बसल्या. "काय केलंत मामी?"

"पंतांस मी म्हटलें, शुक्रवारीं अकरा म्हणजे बरोबर राहुकालम् अहा. त्या वेळीं सुई घेऊं नका. ते हसले. म्हणाले, 'मामी, राहू काय रेल्वेच्या टाइमटेबलांत येतो?' मी तरी सोडलें नाही. दोन दीस मागं लागलें. आता आशिष म्हणतो, रद्द जालं. मग कोण्या कारणानं जालं? माझ्या तोंडानं जालं. पावम्, बिचारा माणूस माझ्या राहुकालानं मेला."

त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. अग्निनक्षत्राचे, मे महिन्यातल्या काहिलीचे दिवस, पंखा गरम वारा फेकत होता. विद्युलताबाईंनी त्यांचा हात धरला.

"मामी, तुमची स्वतःची वेळही राहुकालात आली होती ना? तुम्ही काय केलंत?"

"पंतांनींच बदलून दिली की. मी म्हटलें रद्द करा. ते म्हणाले, 'छे, रद्द करूं नये, जागा जाते. इकडं बदल म्हणून बटण अहा, ते दाबायचें. दुसरी मिळेपर्यंत पहिली हातांत राहते.'"

"मग स्वतःची वेळ टाळायला ते रद्द कशाला करतील? बदलच केली असती. तुमचा राहू यात नाही मामी. डोळे पुसा."

मामींनी पदर डोळ्यांना लावला. त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं आणि विद्युलताबाईंनाही बरं वाटलं. त्या निघता निघता सहज म्हणून बोलल्या, "एकट्या तुम्हालाच वार आठवतो बघा. आणि केंद्र?"

"विसरेन कशी? तिरुवल्लिकेणींत. देवाच्या कोविलच्या मागच्या गल्लींत कल्याण मंडपम् अहा ना, तिथं. चित्रा पौर्णमीच्या अगोदरचा शुक्रवार."

विद्युलताबाई दाराची कडी धरून तशाच उभ्या राहिल्या.

"काय जालं लता? तोंड असें पांढरें कां जालं?"

"काही नाही. ऊन," त्या म्हणाल्या.

त्या शुक्रवारी, सकाळी अकराला, तिरुवल्लिकेणीच्या त्या कल्याण मंडपात, लग्नाच्या हॉलमध्ये, भिंतीवरच्या नवरा-नवरीच्या चित्राखाली बसून ज्या बाईनं डाव्या दंडावर लस टोचून घेतली होती, ती त्या स्वतःच होत्या.

५

घरी येऊन त्यांनी पंखा लावला आणि फोनवरचे जुने मेसेज उघडले. त्या काहीही पुसत नसत, ही नोकरीतली सवय. गुरुवारी संध्याकाळी आलेला मेसेज तिथं होता: आपली जागा पक्की झाली आहे, शुक्रवार, सकाळी अकरा. आशिषनं रद्द झाल्याची वेळ सांगितली होती. दोहोंत मिनिटाचाही फरक नव्हता.

दक्षता विभागात त्या पहिला प्रश्न नेहमी एकच विचारायच्या: फायदा कुणाचा झाला? आज दिवसभर तीन माणसांना भेटूनही तो विचारायचा राहून गेला होता. आता उत्तर हातातल्या फोनवर होतं.

त्यांनी स्वतःला समोर बसवलं. बोला, सरपोतदार.

त्या गुरुवारी खाली पार्किंगमध्ये दत्तोपंत चालत होते. रोज संध्याकाळी त्यांची गाठ पडायची आणि रोज विद्युलताबाई त्यांना आपला वेटिंग नंबर सांगायच्या. आज बावीस. आज नऊ. रेल्वेचा माणूस, त्याला त्यातलं कळतं म्हणून. दत्तोपंतही मान डोलवायचे, "सरकतेय गाडी." त्या गुरुवारी त्या म्हणाल्या होत्या, "पंत, पहिला नंबर लागलाय, पण उद्या तिरुवल्लिकेणीचं केंद्र भरलंय म्हणे. आता कोण रद्द करतंय माझ्यासाठी? आणि मला दमा. एकटीला काही झालं तर दार फोडूनच बाहेर काढतील." त्या हसल्या होत्या. दत्तोपंत हसले नव्हते. "पहिला नंबर कधी राहत नाही, लताबाई," म्हणाले आणि फेरी अर्धी टाकून वर गेले. तासाभरात मेसेज आला.

शनिवारी त्यांनी दत्तोपंतांना दंड दाखवला होता. "लागला हो नंबर!" दत्तोपंतांनी विचारलं होतं, "दुखतोय का फार?"

म्हणजे चूक नव्हतीच. पुरावाही होता. केंद्रावर लस संपली, असं दत्तोपंत घरी म्हणाले. त्या शुक्रवारी अकराला लस संपलेली नव्हती. विद्युलताबाई स्वतः तिथं होत्या, आणि त्यांच्यामागेही रांग चालू होती. चुकून रद्द झालं असतं तर माणूस केंद्रावर जाऊन भांडला असता, घरी येऊन बोंब मारली असती. दत्तोपंत खोटं बोलले, कारण त्यांना ठाऊक होतं. आपली पक्की जागा त्यांनी जाणूनबुजून सोडली होती.

पण सत्तरीतला माणूस शेजारणीसाठी असा जिवावर उदार होतो? विद्युलताबाईंना ते पटेना. दत्तोपंत संत नव्हते. मैसूरपाकाची वडी मोठी कुठली हे बघून उचलणारा माणूस.

मैसूरपाक.

विद्युलताबाईंनी डोळे मिटले. गुरुवारी संध्याकाळी जागा सोडली. मैसूरपाक शुक्रवारी संध्याकाळी आला. म्हणजे 'स्टाफ कोटा ठेवलायस की नाही' हा प्रश्न दत्तोपंतांनी जागा सोडल्यानंतर विचारला होता.

चेष्टा नव्हती ती. ते आपली जागा मागत होते.

आयुष्यभर त्यांनी पक्की जागा देऊन टाकली होती आणि आयुष्यभर स्टाफ म्हणून कुठं ना कुठं बसले होते. गाडीत जागा नाही असं स्टाफला कुणी कधी म्हणत नाही. ही गाडी तर मुलाचीच. लताबाईंना बसवून देऊ, आपण काय, आशिष उद्या कुठंतरी ॲडजस्ट करील. प्राण द्यायला निघाले नव्हते ते, फक्त बर्थ देत होते. आणि आशिषनं त्यांना हसत हसत सांगितलं की या गाडीला स्टाफ नाही. ज्या गोष्टीचा त्या पोराला सर्वांत जास्त अभिमान होता, तीच.

आणि दत्तोपंत त्याला शाब्बास म्हणाले. जागा दिली होती हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोराचा तो आनंद मातीत गेला असता.

कोडं सुटलं होतं. नोकरीत असं काही सुटलं की त्या स्वतःला फिल्टर कॉफी द्यायच्या. आज त्या स्वयंपाकघराकडे वळल्याही नाहीत. हे सगळं आशिषला सांगायचं, तर त्याच्या प्रोग्रॅमचा दोष जाईल आणि त्याच्या जागी ते एक वाक्य येऊन बसेल, जन्मभरासाठी. न सांगावं, तर बाबांनी जागा का सोडली हे तो विचारणारच. आणि पेटीवर बसून केलेले प्रवास त्याला आठवत होते. दोन पावलांत तो मैसूरपाकापर्यंत पोचला असता.

६

शनिवारी दुपारी त्यांनी सगळ्यांना मेहेंदळ्यांच्या हॉलमध्ये बसवलं. आशिष, शर्मिष्ठा, महालक्ष्मीमामी. दत्तोपंतांच्या फोटोला हार नव्हता; तो उद्याचा. पाट, दर्भ, काळे तीळ असं गुरुजींनी सांगितलेलं सामान कोपऱ्यात तसंच पडलं होतं.

"तुम्ही तिघांनी माझ्याकडे गुन्हा कबूल केलात," विद्युलताबाई म्हणाल्या. "माझ्या आख्ख्या नोकरीत एका प्रकरणात इतके गुन्हेगार मिळाले नव्हते. तिघंही निर्दोष आहात. ऐका."

मग त्यांनी एकेक करून सांगितलं. आशिषचा प्रोग्रॅम ओटीपी मागत नाही, आणि इथं ओटीपी आला होता. म्हणजे रद्द माणसानं केलं. शर्मिष्ठानं ओळ वाचली नाही, पण वाचून काही बदललं नसतं. दत्तोपंतांना आपण काय करतोय ते पुरतं ठाऊक होतं, कारण दुसऱ्या दिवशी ते लस संपली असं खोटं बोलले. मामींचा राहू तर सगळ्यांत लांब. वेळ बदलण्यासाठी रद्द करू नये हे मामींना शिकवलं दत्तोपंतांनीच.

"खोटं बोलले?" आशिष म्हणाला. "लस संपली नव्हती हे तुम्हाला कसं माहीत?"

"कारण मी तिथं होते. ती जागा रद्द झाल्या क्षणी ज्या माणसाला मिळाली, ती मी. वेटिंग नंबर एक."

मामींच्या तोंडून "अय्यो" एवढंच निघालं. आशिष विद्युलताबाईंकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत अजून राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि त्यामागून विचार धावत येताना त्यांना दिसत होता.

"पण का?" तो सावकाश म्हणाला. "बाबा आपली जागा अशी कशी सोडतील? त्यांना वाटलं असेल की... ते नेहमी म्हणायचे ना, आपण स्टा..."

"मी मागितली," विद्युलताबाई म्हणाल्या.

"काय?"

"मी त्यांच्याकडे जागा मागितली, आशिष. माझा दमा, माझं एकटेपण, सगळं सांगितलं. मी भ्याले होते. त्यांना नाही म्हणता आलं नाही."

खोटं सांगताना चेहरा कसा ठेवायचा हे इतकी वर्षं समोरच्यांकडून बघून त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण वाक्य तोंडातून गेलं आणि त्यांना आतून धक्का बसला, कारण ते खोटं वाटेना. रोज पार्किंगमध्ये थांबून एका रेल्वेवाल्याला आपला वेटिंग नंबर सांगायचा, वर दम्याची आठवण करून द्यायची, ते कशासाठी? बँकेत कर्ज मागायला आलेली माणसं कधी कर्ज मागत नसत. मुलीच्या लग्नाचं बोलत, आईच्या ऑपरेशनचं बोलत. त्याला त्या रिपोर्टात काय म्हणायच्या? अप्रत्यक्ष दबाव.

"मीच मागितली," त्या पुन्हा म्हणाल्या. या खेपेला आवाज फाटला.

आशिष उठून उभा राहिला. त्याची कानशिलं लाल झाली होती. मंगळवारपासून जो राग त्यानं स्वतःवर वळवून ठेवला होता, त्याला आता जायला जागा मिळाली होती.

"आणि वर्षभर तुम्ही समोरच्या दारात राहिलात," तो म्हणाला. "आमच्याकडे जेवलात."

"त्यांची जागा होती हे मला काल कळलं."

"मागितलीत तेव्हा कळलं नव्हतं?"

त्यांनी मान खाली घातली.

"मावशी," शर्मिष्ठा एकदम म्हणाली. ती मघापासून विद्युलताबाईंकडे टक लावून बघत होती. मैसूरपाक तिनंच ताटलीत काढून दिला होता आणि नवऱ्याचं उत्तर ऐकत ती तिथंच उभी होती. गणिताची बाई, तिच्या चेहऱ्यावर हिशेब जुळताना दिसला. "मावशी, पण त्या दिवशी बाबांनी..."

विद्युलताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. शर्मिष्ठानं ओठ मिटले आणि नवऱ्याच्या हाताला धरून त्याला खाली बसवलं.

"उद्या मी बसतो," आशिष म्हणाला. तो बोलत होता शर्मिष्ठाशी. "गुरुजींना फोन कर. आणि मामी, तुम्ही जेवायला या." मग विद्युलताबाईंकडे न बघता, "तुम्ही येऊ नका."

"नाही येणार," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी समोरचं दार उघडं होतं. विद्युलताबाई आपल्या बंद दाराशी खुर्ची घेऊन बसल्या. आशिषचा आवाज येत होता, गुरुजींच्या मागोमाग. गोत्र, मग वडिलांचं नाव. एकदाही अडखळला नाही. दुपारी शर्मिष्ठा पानावरचं झाकून घेऊन आली आणि त्यांनी ते घेतलं नाही. दोघी दारात उभ्या राहून रडल्या, पण जे ठाऊक होतं ते एकमेकींना म्हणाल्या नाहीत.

आशिष पुढच्या आठवड्यापासून ऑफिसला जायला लागला. लिफ्टमध्ये गाठ पडली की तो फोनमध्ये बघतो, आणि त्यांचा मजला येईपर्यंत मान वर करत नाही. दोघांचा मजला एकच आहे. विद्युलताबाई अलीकडे जिन्यानं चढतात, दम लागतो तिथं कठड्याला धरून उभ्या राहतात, आणि मग पुन्हा चढतात.